पाना हातात घ्यायच्या आधी

माझी मोटरसायकल एकेकाळी दहा-बारा किलोमीटर गेली की बंद पडायची, म्हणजे आधी थोडी मिसिंग मारायची, मग पिकअप जायचा आणि मग गप्प. पाच मिनिटं थांबलं की परत एका किकमध्ये चालू. कार्बोरेटर तीनदा खोलून साफ केला, प्लग बदलला, कॉइल बदलली, तरी तेच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली तर त्यांनी पान्याला हातच लावला नाही, नुसतं विचारत बसले. किती किलोमीटरवर बंद पडते? थांबल्यावर किती वेळाने चालू होते? टाकी फुल असली की लवकर बंद पडते की उशिरा? मी म्हटलं फुल असली की जरा लवकरच पडते. "मग पुढच्या वेळी बंद पडली की काही करू नकोस, फक्त टाकीचं झाकण उघड आणि कान दे." तसं केलं तर फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली. झाकणात हवा आत यायला एक बारीक भोक असतं ते मातीने बुजलं होतं. पेट्रोल खाली जातं तशी वरून हवा आली नाही तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल उतरायचं बंद होतं, टाकी भरलेली असली की वरती हवाच कमी असते म्हणून ते लवकर होतं. तार घातली, फुंकर मारली, काम झालं.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो की आधी प्रश्न विचारा, पाना नंतर. गाडी थंड असताना त्रास देते की गरम झाल्यावर, ठरावीक स्पीडला की कधीही, पावसात किंवा धुतल्यानंतरच होतं का, क्लच दाबल्यावर आवाज बदलतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे शेवटचा हात कशाला लागला होता. काल कोणीतरी केबल बदलली आणि आज गाडी रेस पकडत नाही तर आधी ती केबलच बघायची, इंजिनात शिरायचं नाही. दुसरं म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, फिल्टर आणि जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक नळी) एकदम बदललं आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तर मग अजून मोठा गोंधळ, मी हे करून बसलोय म्हणून सांगतोय.

गाडी चालूच होत नाहीये

हाताने करायचा क्रम ठरवून घ्या आणि दरवेळी तोच पाळा, घाईत माणूस सोपं सोडून अवघड शोधत बसतो. आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण. गर्दीत उभ्या गाडीचं बटण कोणाच्याही हाताने ढकललं जातं, आणि बरीच ढकललेली गाडी नुसत्या त्या बटणापायी ढकललेली असते. मग साईड स्टँड, काही गाड्यांत स्टँड खाली असला की गिअरमध्ये इंजिन चालूच होत नाही. मग पेट्रोल आहे का, टाकीखालचा कॉक चालू आहे का, टाकी हलवून आवाज ऐका, काट्यावर विश्वास ठेवू नका. मग फ्यूज, त्याच्या डब्यातच बहुतेक एक जादाचा ठेवलेला असतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी जास्त ॲम्पिअरचा किंवा तार गुंडाळून काम भागवू नका, फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी वायर घासून उघडी पडलीये, हँडल वळतं तिथे बघा आधी, तिथलीच वायर जास्त वेळा तुटते.

हे सगळं ठीक असेल तर मग प्लग काढा. प्लग ओला असेल तर पेट्रोल येतंय पण जळत नाहीये, कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाहीये, एवढ्या एका गोष्टीने अर्धं काम होतं. ठिणगी बघायची तर प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग इंजिनच्या धातूला नीट टेकवा, आणि प्लगच्या भोकापासून लांब धरा कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. कार्बोरेटरची गाडी जास्त पेट्रोल पिऊन बसली असेल तर चोक बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून आठ-दहा किका मारा, जास्तीचं पेट्रोल उडून जातं.

प्लगचा रंग वाचायला शिका. टोकाला फिकट तपकिरी म्हणजे छान. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. काळा पण तेलकट म्हणजे ऑइल जळतंय, रिंग किंवा वॉल्वची सील बघावी लागेल. पांढराफट्ट म्हणजे इंजिन गरम चाललंय, पेट्रोल कमी आणि हवा जास्त, हे सगळ्यात वाईट कारण गाडी तेव्हा चालायला हलकी वाटते आणि आतून पिस्टन भाजत असतो.

बॅटरी उतरली असेल तर ढकलस्टार्ट करताना पहिला गिअर नका टाकू, चाक लॉक होऊन घसरतं, दुसरा टाका, चावी चालू, क्लच दाबून पळवा, वेग आला की सीटवर वजन देऊन क्लच सोडा आणि पकडलं की लगेच दाबा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मात्र बॅटरी पार मेलेली असेल तर पेट्रोलचा पंपच चालत नाही, मग कितीही ढकला, नुसता घाम. व्होल्टमीटर असेल तर उभ्या गाडीत चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्टच्या वर दाखवते आणि गाडी रेस केल्यावर १३.५ ते १४.५ च्या आसपास यायला हवं, नाही आलं तर दोष बहुतेक बॅटरीत नाही चार्जिंगमध्ये आहे, नवी बॅटरी टाकली तरी ती पण उतरेल. काढताना आधी निगेटिव्ह काढा, लावताना निगेटिव्ह शेवटी.

चेन

चेनवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण लोक सगळ्यात जास्त चूक इथेच करतात, आणि चूक एकच, घट्ट करतात. ढिली चेन आवाज करते, कव्हरला लागते, म्हणून ती सगळ्यांना दिसते. घट्ट चेन गप्प असते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. मागचं चाक खड्ड्यात वरखाली होतं तेव्हा पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि चाकाचा एक्सल एका रेषेत आले की चेनला सगळ्यात जास्त लांबी लागते, ती ढिलाई आधीच ठेवली नसेल तर सगळा ताण बेअरिंगवर. साध्या रोजच्या गाड्यांना खालच्या बाजूच्या मध्यावर वरखाली मिळून साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ असतो, उंच सस्पेन्शनच्या गाड्यांना त्याहून जास्त, पण आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो तोच खरा, आणि तो साईड स्टँडवर मोजायचा की डबल स्टँडवर ते पण तिथेच लिहिलेलं असतं.

मोजताना एका जागी मोजून थांबू नका. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी बघा, चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, एखाद्या जागी घट्ट लागते आणि बाकी ठिकाणी ढिली. ॲडजस्ट करायचं ते त्या सगळ्यात घट्ट जागेवर. आणि घट्ट-ढिल्यात फार फरक असेल तर ॲडजस्टमेंटने काही होणार नाही, चेन गेली. अजून एक खूण, मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूला चेन बोटांनी धरून मागे ओढा, दातापासून उचलली जाऊन अर्धा दात दिसायला लागला तर सेट बदलायची वेळ आली. दात वाकून मांजराच्या नखासारखे झाले असतील तर वेळ कधीच होऊन गेली. बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट सोबतच बदला, जुन्या दातांवर नवी चेन घातली की ती पण लवकर खराब होते.

ॲडजस्ट करताना दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या ठेवा नाहीतर चाक तिरकं बसतं आणि गाडी एका बाजूला ओढते. मोठा नट घट्ट केल्यावर खेळ परत मोजा, कारण घट्ट करताना चाक किंचित हलतं आणि मोजलेलं सगळं बदलतं. चेनला क्लिपचं लॉक असेल तर क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवी, उलटी बसवली तर कशाला तरी घासून उघडू शकते.

साफसफाईला रॉकेल आणि मऊ ब्रश. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल किंवा तारेचा ब्रश लावू नका, रबराच्या बारीक रिंगा जातात आणि आत भरलेलं ग्रीस निघून जातं. ऑइल किंवा स्प्रे चेनच्या आतल्या बाजूने, गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना मारा, म्हणजे कड्यांमध्ये शिरतं, आणि रात्रभर मुरू द्या. लावून लगेच निघालात तर सगळं टायरवर आणि पॅन्टवर. आणि हे अगदी मनापासून सांगतो, इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत चेन कधीही पुसू नका. कधीही म्हणजे कधीही. फडकं ओढलं जातं, फडक्यामागून बोटं जातात, आणि हे दिसायच्या आत होऊन गेलेलं असतं. चाक हातानेच फिरवा, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद.

हाताचा अंदाज

नट-बोल्टचं शिक्षण म्हणजे खरं तर किती जोर लावायचा नाही याचं शिक्षण. इंजिन ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा, त्यामुळे जोर जास्त झाला की आटे जातात ते इंजिनचे, बोल्टचे नाही. ऑइल ड्रेनचा बोल्ट "गळायला नको" म्हणून मी एकदा पाय देऊन आवळला होता, पुढच्या ऑइल चेंजला बोल्टसोबत आट्यांची चकचकीत तारच बाहेर आली. गळती थांबवतो तो वायसर, जोर नाही. नवा वायसर टाका आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कएवढाच, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराएवढाच आवळा. टॉर्क पाना नसेल तर दहा नंबरच्या छोट्या बोल्टना पाना दांड्याच्या टोकाला न धरता डोक्याजवळ धरा, म्हणजे हाताला तेवढा जोर लावताच येत नाही.

कुठलाही बोल्ट किंवा प्लग बसवताना आधी हातानेच फिरवा, पाना शेवटी. त्यातही एक युक्ती आहे, आधी हलकेच उलटा फिरवा, एका जागी टक करून खाली बसल्यासारखं जाणवतं, तिथे आट्याचं तोंड जुळलेलं असतं, तिथून सुलटा फिरवा. दोन-तीन फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत, अडकला तर जबरदस्ती न करता परत काढा. प्लग खोल जागी असतो तिथे बोटं जात नाहीत, तर पेट्रोलच्या जुन्या नळीचा एक तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर बसवा आणि नळीने फिरवा, आटे तिरके लागले तर नळी आपोआप घसरते आणि हेड (इंजिनचा वरचा भाग) वाचतं. नवा प्लग टेकल्यावर साधारण अर्धा फेरा पुरतो, तोच जुना प्लग परत बसवताना त्याहून बराच कमी, कारण त्याचा वायसर आधीच दबलेला असतो. आणि हे काम इंजिन थंड असतानाच.

इंजिनचं साईड कव्हर काढाल तेव्हा बोल्ट सगळे दिसायला सारखे पण लांबीला वेगवेगळे असतात. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, जिथला बोल्ट तिथे भोक पाडून खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर आतला भाग फुटतो, आखूड बोल्ट लांब जागी गेला तर दोन आट्यांवर लटकतो आणि तेच आटे घेऊन बाहेर येतो. खोलायच्या आधी मोबाईलवर चार फोटो काढा, वायर कुठून कशी गेलीये हे तासाभराने कोणालाच आठवत नाही. जाम झालेल्या स्क्रूवर ड्रायव्हर नीट बसवून वरून हातोडीचा एक ठोका द्या आणि मग फिरवा, गंज तडकतो. डोकं घासायला लागलं की तिथेच थांबा आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या ठोक्याने फिरणारा) आणा, अजून एकदा बघू म्हणून फिरवलं की तो स्क्रू ड्रिलनेच काढावा लागतो.

टॅपेटचा आवाज

टॅपेट म्हणजे वॉल्व दाबून उघडणाऱ्या भागातला स्क्रू, त्यात मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. लोक येतात आणि म्हणतात टॅपेटचा आवाज येतोय, बंद करून द्या. जाणता मिस्त्री थोडा आवाज ठेवूनच देतो. एक्झॉस्ट वॉल्व प्रचंड तापतो आणि ती उष्णता जाते कुठे तर वॉल्व बंद असताना सीटला टेकतो तेव्हा हेडमध्ये. टॅपेट पार घट्ट केला तर गरम झाल्यावर वॉल्व पूर्ण मिटतच नाही, फटीतून जळता गॅस जात राहतो, वॉल्वची कड जळते आणि मग कॉम्प्रेशन जातं. जरा जास्त टिकटिक करणाऱ्या टॅपेटने थोडी झीज होते, पण गप्प झालेल्या टॅपेटने हेडचं काम निघतं. म्हणून गाडी इतक्यात फार शांत झालीये आणि सकाळी चालू व्हायला त्रास देते असं कोणी म्हटलं की मी आधी टॅपेट बघायला सांगतो.

स्वतः करणार असाल तर इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं असलेलं. प्लग काढून ठेवा, गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने फिरवून मॅन्युअलमध्ये दाखवलेली टॉपची खूण (पिस्टन सगळ्यात वर असतो ती) जुळवा. खूण जुळल्यावर दोन्ही टॅपेट बोटाने किंचित हलले पाहिजेत, नाही हलले तर तुम्ही चुकीच्या स्ट्रोकवर आहात, इंजिनचा अजून एक पूर्ण फेरा द्या. फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) जाताना लोण्यातून सुरी जाते तसा न जाता किंचित घासत गेला पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू पण फिरतो म्हणून आवळून झाल्यावर परत एकदा गेज घालून बघा.

ऑइलचं थोडक्यात. क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो अशा गाडीला जेएएसओ एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचे जपानी दर्जे) लिहिलेलंच ऑइल घाला, कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात त्याने क्लच घसरायला लागतो. लेव्हल बघताना गाडी सरळ उभी, दोन-तीन मिनिटं चालवून बंद करून अजून दोन-तीन मिनिटं थांबून मग, आणि बऱ्याच गाड्यांत डिपस्टिक नुसती टेकवायची असते, फिरवून घट्ट करून बघितलं की चुकीचं दिसतं. कमीपेक्षा जास्त बरं असं नसतं, दोन्ही खुणांच्या मध्येच ठेवा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, तशी गाडी अजिबात चालवू नका.

ब्रेक आणि टायर

ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं म्हणून गाडी नुसती उभी असली तरी साधारण दोन वर्षांनी बदलायला हवं. डॉट ३ आणि डॉट ४ एका जातीचे, डॉट ५ सिलिकॉनचं, ते यांच्यात कधीच मिसळायचं नाही. टाकीच्या रंगावर थेंब पडला तर घासू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा. नवे पॅड घातले की गाडीवर बसायच्या आधी लिव्हर दाबत राहा जोपर्यंत कडक लागत नाही. पिस्टन आत ढकललेला असतो, पहिले दोन-तीन दाब नुसते फुकट जातात, आणि ते रस्त्यावर जायला नकोत.

टायरची हवा थंड असतानाच बघा, गाडी पळवून आल्यावर आकडा वाढलेला दिसतो आणि मग लोक त्यातली हवा काढतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी जुना टायर कडक होतो, भेगा दिसतात, आणि पावसात त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

एक सवय मात्र नक्की लावून घ्या, गाडी हाताने धुवा, स्वतः. प्रत्येक भागावरून फडकं फिरतं तेव्हाच तुटत आलेली केबलची तार, ढिली स्पोक, फोर्कच्या नळीवर तेलाची रेघ, एखाद्या नटाभोवती तांबूस पूड दिसते. ती पूड म्हणजे तो नट हलतोय. डबल स्टँडवर चाक वरखाली धरून हलवा, कटकट लागलं तर बेअरिंग. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मधोमध खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. प्रेशरचं पाणी मात्र बेअरिंग, चेन आणि वायरिंगवर थेट मारू नका.

चालवताना

ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून थांबवतो तो मुख्यतः पुढचा ब्रेक. त्याला घाबरून फक्त मागचा मारणारे खूप आहेत, त्यांची गाडी थांबत नाही, घसरते. पुढचा ब्रेक झटक्यात न मारता दाबत न्यायचा, आधी हलका, पुढचे शॉकॲब्सॉर्बर बसले की मग जोरात, सोबत मागचा. रिकाम्या मैदानात चाळीसच्या स्पीडला वीस-पंचवीस वेळा करून बघा, संकटात हात तेच करतो जे आधी केलेलं असतं. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पंप करू नका, दाबून धरा. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे तुम्हाला समजेपर्यंतच एवढं अंतर गेलेलं असतं, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं.

नजर जिथे गाडी तिथे. वळणावर खड्ड्याकडे टक लावून बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते, माझी एकदा गेलीये, एवढ्या मोठ्या रिकाम्या रस्त्यावर एकच दगड होता आणि मी त्याच्याकडेच बघत राहिलो. मान वळवून वळण जिथे सुटतं तिथे बघा. डावीकडे वळायचं असेल तर डावं हँडल हलकं पुढे ढकला, गाडी आपोआप डावीकडे झुकते. ब्रेक वळणाच्या आधी संपवा.

पाऊस सुरू झाल्यावरची पहिली काही मिनिटं सगळ्यात घसरडी असतात कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, थांबता येत असेल तर थांबा. रंगाचे पट्टे, लोखंडी झाकणं, रूळ यांच्यावर ब्रेक नको, हँडल सरळ. पाण्यातून बाहेर आल्यावर चालता चालता ब्रेक हलके दाबून सुकवून घ्या. लांब उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवू नका, ब्रेक तापून निकामी होतात, ज्या गिअरने चढलात साधारण त्याच गिअरने उतरा.

लांब जाणार असाल तर क्लचची एक नवी केबल जुनीच्या शेजारूनच ओवून बांधून ठेवा, वाटेत तुटली तर फक्त दोन टोकं बदलायची. सोबत एक प्लग, फ्यूज, चेनचं लॉक, पंक्चरचं सामान आणि फक्त तुमच्या गाडीला लागतात तेवढेच पाने, घरून निघायच्या आधी ते प्रत्येक नटाला लागतात का हे लावून बघितलेले. आणि आदल्या दिवशी काहीही खोलू नका, गाडीचं काम निघायच्या किमान आठवडाभर आधी उरकून तिला जवळपास फिरवा. चाक काढलं असेल तर पन्नासएक किलोमीटर झाल्यावर थांबून एक्सलच्या नटाला परत एकदा पाना लावायचा, चेनचा खेळ परत मोजायचा, मगच लांब.